आमांचे पान

मित्रांनो, मी एक जुना संगणक-प्रोग्रॅम आहे. मला हात नाहीत, चाके नाहीत आणि गंजायला लोखंडही नाही. फेंगयुआन शहरातल्या गॅस गीझरच्या एका कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, मी गेली एकोणीस वर्षे काम करतो आहे. नव्या गीझरच्या खोक्यात एक पातळ पुस्तिका असते. बटण कुठले, गॅस कसा बंद करायचा, काय मुळीच करायचे नाही, हे त्यात असते. ती पुस्तिका मी जुळवतो. लिहीत नाही, फक्त जुळवतो. लिहिणारी माणसे वेगळी असतात, आणि मला आज तुम्हाला त्यांच्याबद्दलच सांगायचे आहे.

माझा जन्म कारखान्याच्या खानावळीत झाला, आणि तोही कात्रीमुळे.

छ्यू श्यू-यून नावाची एक बाई पुस्तिका लिहिण्याचे काम करत असे. सगळे तिला यूनताई म्हणत. त्याआधी आठ वर्षे ती तक्रारींच्या फोनवर बसलेली होती. त्यामुळे गीझर बिघडला की माणसे काय बोलतात, कशी ओरडतात, आणि पुस्तिकेतले काय त्यांना कळत नाही, हे तिला पाठ होते. कारखाना तेव्हा बावन्न तऱ्हांचे गीझर बनवत होता. नवा गीझर आला की गेल्या वर्षीची फाईल उचलायची, नंबर बदलायचा आणि छापायला पाठवायची, अशी पद्धत होती. एकदा एका गिऱ्हाइकाने फोनवर सांगितले, “तुमच्या पुस्तकात लिहिलंय बटण डावीकडे फिरवा, आणि चित्रात दाखवलंय उजवीकडे. मी कुणाचं ऐकू?”

त्याच दुपारी यूनताईने बावन्नच्या बावन्न पुस्तिका खानावळीच्या फरशीवर पसरल्या आणि कात्रीने त्यांची वाक्ये कापायला सुरुवात केली. एका अर्थाच्या वाक्यांचा एक ढीग. बघता बघता फरशी दिसेनाशी झाली. तेवढ्यात मॅनेजर पेंगसाहेब डबा घेऊन आत आले.

“हे काय? जेवायच्या जागेत कातरकाम?”

“साहेब, जरा पाय जपून. तुम्ही ‘धोका’वर उभे आहात.”

पेंगसाहेबांनी दचकून पाय उचलला. त्यांच्या बुटाला कागदाची एक पट्टी चिकटली होती.

“हे बघा,” यूनताई म्हणाली, “खिडकी उघडी ठेवा, ही एकच गोष्ट आपण अकरा तऱ्हांनी सांगितली आहे. त्यातल्या चार मलाच कळत नाहीत, आणि लिहिल्यात मीच.”

कोपऱ्यात लियाव योंग-फू जेवत होता. कारखान्याचे संगणक तो सांभाळत असे आणि बोलण्यात फार कंजूष होता. यूनताईने त्याला विचारले, “एक वाक्य एकदाच लिहायचं आणि एकाच ठिकाणी ठेवायचं. ज्या पुस्तिकेला ते हवं असेल तिनं तिथून घ्यायचं. असं करता येईल का रे?”

लियावने अख्खा डबा संपवला, चॉपस्टिक्स पुसल्या आणि मग म्हणाला, “येईल. पण ताई, वाक्यं नीट लिहावी लागतील. वाईट वाक्य ठेवलंत तर ते बावन्न ठिकाणी जाईल.”

मित्रांनो, असा मी जन्मलो. माझ्या मागे एक डेटाबेस आहे. असंख्य खणांचे एक कपाट डोळ्यांसमोर आणा. एका खणात एक वाक्य, दुसऱ्यात एक चित्र, तिसऱ्यात एक माप. प्रत्येक खणाला क्रमांक आणि प्रत्येकावर लिहिणाऱ्याचे नाव. दुसरीकडे प्रत्येक गीझरची यादी असते. ह्याला बॅटरी आहे, त्याला नाही. हा गॅलरीत बसतो, तो घरात. यादी वाचायची, लागतील ते खण उघडायचे, ओळीने मांडायचे, पानांना आकडे घालायचे, हे माझे काम. यूनताई बटण दाबे आणि चहा निवायच्या आत पुस्तिका तयार होई.

सुरुवातीला मी फजितीही केली. पहिल्या पुस्तिकेत ‘आमचा गीझर निवडल्याबद्दल आभार’ हे वाक्य मी एकतीस वेळा छापले. लियाव म्हणाला, “एवढे आभार तर माझ्या लग्नात पण कुणी मानले नव्हते.” तो एवढे लांब वाक्य बोलला याचेच सगळ्यांना नवल वाटले.

पुढे एकेका घरात म्हातारी माणसे सांभाळायला व्हिएतनामी बायका येऊ लागल्या. त्यांना चिनी अक्षरे वाचता येत नसत. म्हणून पुस्तिका व्हिएतनामीतही करायच्या ठरल्या. खोकी भरण्याच्या विभागात न्हुंग नावाची मुलगी होती. लग्न होऊन ती व्हिएतनामहून आली होती आणि नवरा, सासू यांच्याबरोबर जवळच राहत होती. दिवसाचे दोन तास तिला वर बोलावण्यात आले. वाक्ये भराभर होतील अशी यूनताईची अपेक्षा होती. पण न्हुंग पहिल्याच वाक्यावर अडून बसली.

“ताई, हे ‘पुरेशी हवा खेळती राहील याची दक्षता घ्यावी’ म्हणजे नक्की काय करायचं?”

“म्हणजे हवा खेळती ठेवायची.”

“कुणी? कधी? आणि पुरेशी म्हणजे किती?”

“तू अनुवाद कर ना, माझी परीक्षा कसली घेतेस!”

“मला कळल्याशिवाय कसा करू? आमच्या आमांना मी काल हेच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हवा खेळतेच आहे की, दिवाणखान्यात पंखा आहे.”

आमा म्हणजे तिची सासू. यूनताई हसली. पण त्याच संध्याकाळी ती न्हुंगबरोबर तिच्या घरी गेली. तिथे काय झाले ते तिने दुसऱ्या दिवशी माझ्या नोंदींच्या रकान्यात लिहून ठेवले, म्हणून मला ठाऊक आहे.

घराची मागची गॅलरी चारी बाजूंनी खिडक्यांनी बंद केलेली होती. भिंतीवर आमच्याच कारखान्याचा गीझर होता. त्याच्यासमोर ओले कपडे वाळत होते आणि खिडकीच्या फटीला थंडीसाठी प्लास्टिक लावलेले होते. गॅस जळताना हवा कमी पडली की एक विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाचे डोके जड होते, झोप येते आणि तो पुन्हा उठत नाही. गॅलरीची खिडकी बंद असेल तर तो वायू सरळ घरात शिरतो.

“आमा, ही खिडकी तुम्ही उघडता का?”

“रोज उघडते की. सकाळी.”

“आणि अंघोळ?”

“संध्याकाळी. तू सकाळी करतेस? म्हणजे दिवसभराचा घाम घेऊन अंथरुणात शिरतेस? शी!”

यूनताईने आमांच्या समोर ते प्लास्टिक काढले, कपडे सरकवले आणि खिडकी हातभर उघडून दाखवली. आमा स्वतःही खिडकीला तळवा लावून उभ्या राहिल्या. वारा तळव्याला लागला तसे त्यांनी तोंड वाकडे केले, पण म्हणाल्या, “एवढंच ना? मग तसं लिहा की. हवा कशाला खेळवता?”

दुसऱ्या दिवशी दोनशे चौदाव्या खणातले जुने वाक्य गेले. त्याच्या जागी यूनताईने लिहिले: ‘अंघोळीला जाण्याआधी मागच्या गॅलरीत जा. खिडकी हातभर उघडा. तळव्याला वारा लागतो का पाहा. गीझरसमोरचे कपडे काढा. डोके जड झाले किंवा मळमळले तर गीझर बंद करा, घराबाहेर या आणि मदत मागा.’ शेजारी तिने चित्र काढले, खिडकीला तळवा लावलेल्या एका म्हातारीचे. न्हुंगने ते घरी नेऊन दाखवले, तर निरोप आला, “नाक एवढं चपटं नाही माझं.” नाक सुधारण्यात आले.

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ते वाक्य खणात पडले आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत बावन्न पुस्तिका बदलल्या, दोन भाषांत. माझ्याआधी ह्याच कामाला वर्ष गेले असते आणि तरी दोनचार पुस्तिका सुटल्या असत्या. पेंगसाहेब दुसऱ्या कारखान्यांतल्या लोकांना घेऊन येत आणि माझ्याकडे बोट दाखवत. लोक माझे कौतुक करत. मला मात्र ठाऊक होते, की मी वेगाने धावलो एवढेच. कुठे जायचे ते एका बाईने गॅलरीत उभे राहून शोधले होते. त्या पानाला सगळा कारखाना ‘आमांचे पान’ म्हणू लागला.

सहा वर्षे अशी चांगली गेली. आता मला माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट आठ दिवस सांगायचे आहेत.

कारखान्याने घरात बसणारे नवे गीझर काढले. त्यांचा धूर पंख्याने नळीतून बाहेर फेकला जातो. त्यांच्या पुस्तिकेत आमांचे पान लागत नाही, दुसरे लागते. यूनताई एकामागून एक याद्यांत खुणा करत होती. तीन तऱ्हांचे गीझर गॅलरीत बसणारे होते, पण त्यांच्यापुढेही ‘घरात’ अशी खूण पडली. मी वाचले, ‘घरात’. मी आमांचे पान वगळले. पुढची पाने वर सरकवली, आकडे जुळवले, अनुक्रमणिका नीट केली. कुठे फट नाही, कुठे कोरी जागा नाही. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात इतकी नीटनेटकी चूक मी दुसरी केली नाही.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा न्हुंग खाली खोकी भरत होती. पुस्तिका आत टाकण्याआधी ती नेहमी एकदा चाळत असे, कारण आतली अर्धी वाक्ये तिची होती. ती पुस्तिका हातात घेऊन जिना चढून वर आली.

“ताई, ह्यात आमा नाहीत.”

“नसतील. तो घरात बसणारा आहे.”

“हा? ह्याला नळीच नाही. नळी नसताना घरात कसा बसेल?”

यूनताईने यादी उघडली. तिचा चेहरा उतरला. मग तिने नोंदी काढल्या. कोणता गीझर, कोणती पुस्तिका, कोणते दुकान, कुणाचे घर, हे सारे डेटाबेसमध्ये होते. दोन हजार एकशे चौदा गीझर लोकांच्या घरी लागून झाले होते. बातम्यांत सांगत होते, चार दिवसांनी उत्तरेकडून थंडीची लाट येणार आहे. म्हणजे सगळे खिडक्या लावून घेणार.

ती उठून पेंगसाहेबांच्या टेबलाशी गेली.

“साहेब, चूक झाली आहे आणि ती माझी आहे.”

पेंगसाहेबांनी सगळे ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते, पण घाबरले होते. “असं करू,” ते म्हणाले, “प्रोग्रॅममध्ये बिघाड झाला असं पत्रक काढू आणि दुकानांना पाठवू. लोकांना ते पटतं. संगणक काय, चुकतातच.”

“संगणक चुकला नाही. मी सांगितलं ते त्यानं केलं.”

“अहो, तुमचं नाव घालायला कोण म्हणतंय?”

“नाव घाला, नका घालू. पण खोटं कारण घालू नका. संगणकाचा बिघाड म्हटलं की सगळे संगणकापाशी जमतील. बिघाड त्या गॅलऱ्यांमध्ये आहे, साहेब. तिथे जायला हवं.”

लियाव दाराशी उभा होता. तो म्हणाला, “एका पानाचं पत्रक अर्ध्या तासात निघेल. मी गावांप्रमाणे पत्ते वाटून देतो.”

पेंगसाहेबांनी खुंटीवरचे जाकीट काढले आणि विचारले, “माझ्याकडे कुठलं गाव?”

माणसे मोठी कधी होतात, हे आम्हा यंत्रांना कळत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मला त्या दिवशी कळले.

मी आमांचे पान वेगळे काढून दिले. मोठी अक्षरे, दोन भाषा, आमांचे चित्र. पुढचे चार दिवस कारखान्यातली ऐंशी माणसे स्कूटरवरून घरोघर गेली. यंत्रांवरचे कामगार, हिशेबनीस, स्वयंपाकीणबाईसुद्धा. दार उघडले की खिडकी बघायची, तळवा लावायला सांगायचे, पान गीझरशेजारी चिकटवायचे आणि माझ्याकडे नोंद पाठवायची. काही घरांना कुलूप होते, तिथे पुन्हा जायचे. चौथ्या दिवशी दुपारी थंडी आली. तेव्हा एकतीस घरे उरली होती.

त्यातले एक तुंगशी गावाच्या चढावर होते. यूनताई आणि लियाव तिथे संध्याकाळी साडेसहाला पोचले. म्हाताऱ्या बाईंनी दार उघडले.

“या या, चप्पल राहू द्या. आमचे हे अंघोळीला गेलेत. बसा, आलं घालून चहा देते.”

“आजोबा कधी गेले आत?” यूनताईने विचारले.

“बराच वेळ झाला. थंडी आहे ना, निघवत नाही त्यांना. आणि तीन दिवस डोकं दुखतंय म्हणतात. वय झालं की हे असंच.”

यूनताई तशीच आत धावली. मागच्या गॅलरीची खिडकी लावलेली होती आणि फटींवर चिकटपट्टी मारलेली होती. तिने नखांनी पट्टी ओरबाडून खिडकी सताड उघडली आणि गीझर बंद केला. लियाव न्हाणीघराचे दार ठोठावत होता. आतून उत्तर नाही. त्याने खांद्याने धडक दिली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडी निघाली.

आजोबा स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा लालबुंद होता, डोळे अर्धे मिटलेले. लियावने त्यांना टॉवेलात गुंडाळले, पाठीवर घेतले आणि अंगणात आणले. बोचऱ्या वाऱ्यात यूनताई त्यांचे हात चोळत राहिली. शेजाऱ्यांनी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंतची दहा मिनिटे किती लांब होती, हे तिने नोंदीत लिहिलेले नाही. तिने एवढेच लिहिले आहे की शेवटी आजोबांनी डोळे उघडले, लियावकडे पाहिले आणि पुटपुटले, “हा कोण? आणि माझं गरम पाणी कुणी बंद केलं?”

आजी रडता रडता हसायला लागल्या. “शिव्या देताहेत म्हणजे ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. आजोबा तीन दिवस रुग्णालयात राहिले आणि घरी परत आले. उरलेली तीस घरेही त्याच दिवशी झाली. कुणालाही काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी यूनताई माझ्यासमोर येऊन बसली, पण तिने एकही कळ दाबली नाही. पेंगसाहेबांनी तिला घरी जायला सांगितले, तरी ती गेली नाही. मग लियावने खुर्ची ओढली आणि म्हणाला, “ताई, ह्याला ऐकायला शिकवलं. विचारायला शिकवलंच नाही. ती चूक माझी.”

पुढचे दोन आठवडे तो मला एकच गोष्ट शिकवत होता. धोक्याचे पान गळत असेल तर पुढे जायचे नाही, थांबायचे. दुसऱ्या माणसाने पाहून होकार दिल्याशिवाय पुस्तिका बांधायची नाही. थांबल्यावर पडद्यावर ‘त्रुटी क्रमांक चाळीस’ असे दाखवायचे त्याने ठरवले होते. न्हुंगने ते वाचले आणि कपाळाला हात लावला.

“त्रुटी चाळीस म्हणजे काय? जरा माणसासारखं विचार ना!”

“मग तूच लिही.”

तिने लिहिले: ‘खिडकीचे पान ह्या पुस्तिकेत नाही. कुणी जाऊन पाहून आले आहे का?’

तो प्रश्न मी त्यानंतर तीनशेहून जास्त वेळा विचारला. बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असेच आले. नऊ वेळा मात्र विचारले म्हणून चूक सापडली. न्हुंगला खोक्यांच्या विभागातून कायमचे वर बोलावले गेले. तिचे टेबल यूनताईच्या टेबलाला लागून होते आणि दोघींचे दिवसभर वाद चालत. ‘किंचित’ म्हणजे किती, ‘ताबडतोब’ म्हणजे कोण उठणार, यावरून. तसले वाद ऐकण्यासारखे सुख नाही. प्रत्येक वादानंतर माझ्या एखाद्या खणात एक चांगले वाक्य पडे.

आता मी म्हातारा झालो आहे. यूनताई निवृत्त झाली. लोक पुस्तिका उघडण्याऐवजी फोन काढतात. माझ्या जागी नवा प्रोग्रॅम येतो आहे. तो सात भाषा जुळवतो आणि चित्रे हलवून दाखवतो. गेले काही महिने माझ्याकडे कुणी फारसे आले नाही. पडद्यावर धूळ बसली, शेजारी कुणीतरी छत्र्या ठेवू लागले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पण गेल्या महिन्यात न्हुंग आली. तिचे केस आता कानांपाशी पांढरे झाले आहेत आणि विभाग तिच्याच हाताखाली आहे. माझी सहा हजार तीनशे वाक्ये नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायची होती. नवी मंडळी म्हणाली, एका झटक्यात नेऊ. ती म्हणाली, नाही. रोज दोनशे वाक्ये ती मोठ्याने वाचते आणि मगच पुढे पाठवते. एका तरुण मुलीने तिला सांगितले, “मॅडम, नव्यात ‘कुणी लिहिले’ हा रकाना नाहीये. तो सोडून देऊ या ना. कोण बघतं?”

“वाक्य चुकलं तर विचारायचं कुणाला?” न्हुंग म्हणाली. “आणि बरोबर असलं तर आभार कुणाचे मानायचे? रकाना कर.”

रकाना झाला. दोनशे चौदाव्या वाक्यापुढे छ्यू श्यू-यून हे नाव नव्या घरी गेले. त्याखाली न्हुंगने आणखी एक नाव घातले. ते तिच्या सासूचे होते. आमा आता ह्या जगात नाहीत, आणि त्यांनी आयुष्यात एक ओळही लिहिली नव्हती.

शुक्रवारी मला बंद करणार आहेत. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरी नवी वस्तू आली की खोक्याच्या तळाशी एक पातळ पुस्तिका असते. ती लगेच रद्दीत टाकू नका. ती रुक्ष वाटेल, पण तिच्यातल्या एखाद्या ओळीसाठी कुणीतरी थंडीत चढ चढून गेलेले असते. आणि पुढे मोठे झाल्यावर कुणासाठी काही लिहायची वेळ तुमच्यावर आली, चार ओळी का असेनात, तर लिहिण्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन या.